बिनमाणसांचं जहाज न्हावा-शेव्याला लावायचं तर

स्वयंचलित जहाजांची भलामण करणारं कुठलंही प्रेझेंटेशन घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर एक वाक्य हमखास असतं : समुद्रावरचे बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात. कुणी ७५ टक्के म्हणतं, कुणी थेट ९६. पुढची स्लाइड मग ओघानंच येते. माणूस काढा, चूक जाईल.

आकडा खोटा नाही, पण अर्धा आहे. अपघात झाला की चौकशी बसते, अहवाल निघतो आणि कारणाच्या रकान्यात माणूस लिहिला जातो. यंत्र दगा देतं, वारा फिरतो, समोरची बोट ऐनवेळी तोंड वळवते आणि ब्रिजवरचा, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतला, माणूस सगळं निभावून नेतो, तेव्हा मात्र कसलाच अहवाल निघत नाही. जहाज धक्क्याला लागतं, बंदरातली वाट दाखवायला चढलेला पायलट सही घेऊन उतरतो, संपलं. म्हणजे आपल्या हाती फक्त अंश आहे, छेद नाही. आणि नुसत्या अंशावरून माणसाला जहाजावरून उतरवण्याचा हिशेब मांडला जातो आहे.

हा वाद नॉर्वे-जपानचा आहे, आपला काय संबंध, असं वाटण्याचं कारण नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक, न्हावा-शेवा, नवी मुंबईच्या दाराशी आहे. कराव्याच्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेतून दरवर्षी कॅडेट बाहेर पडतात आणि नेरुळ-सीवूड्समध्ये मर्चंट नेव्हीवाल्यांची घरं कमी नाहीत. तिथून ठाणे-बेलापूर रस्त्यानं वर ऐरोली-महापेला गेलं की जगभरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं भेटतात आणि त्यांच्या शेजारी डेटा सेंटर उभी आहेत. जहाज किनाऱ्यावरून चालवण्याच्या कंट्रोल रूम उद्या भारतात आल्या, तर त्या याच पट्ट्यात येतील. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं या जहाजांसाठी संहिता आखली आहे. ती आधी ऐच्छिक असेल आणि २०३२ पासून अनिवार्य करायचा बेत आहे. माणूस किती लागेल यावरून जहाजाच्या चार पायऱ्या मानल्या जातात : पहिलीत यंत्र सल्ला देतं आणि माणूस चालवतो, दुसरीत जहाज किनाऱ्यावरून चालतं पण माणसं वर असतात, तिसरीत माणसं नसतात, चौथीत जहाज स्वतःच ठरवतं. आमचं म्हणणं असं, की आपल्या बंदरासाठी आज पहिली पायरी नीट बांधावी, दुसरीची तयारी करावी आणि तिसऱ्या-चौथीचा आराखडा काढण्याआधी वाट काढणाऱ्या माणसाला नेमकं काय माहीत असतं ते लिहून घ्यावं. आज आराखडा काढणारे ते विचारतच नाहीत. सेन्सर काय देऊ शकतो इथून ते सुरुवात करतात आणि उरलेल्या फटीत माणूस बसवतात.

आता माणसाला काय माहीत असतं ते पाहू.

मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा यांची समुद्राकडची वाट एकच आहे. प्रोंग्जचा दीपस्तंभ मागे टाकून जहाज आत येतं, पुढे फाटा फुटतो आणि घारापुरी डाव्या हाताला ठेवून जेएनपीएकडे, म्हणजे न्हावा-शेव्याच्या बंदराकडे, वळावं लागतं. चॅनल गाळ उपसून खोल केलेलं आहे. मोठं जहाज त्याच्या बाहेर गेलं की चिखलात. या वाटेला आडव्या जातात त्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला आणि रेवसला जाणाऱ्या लाँच, गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या फेरी, मांडव्याची रो-रो, नौदलाच्या बोटी, बार्ज, आणि सगळ्यांत जास्त संख्येनं कोळ्यांच्या होड्या. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत भरती-ओहोटीचा फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो आणि पाणी दोन-तीन नॉटनं (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) ओढतं. पावसाळ्यात खाड्यांचं पाणी त्यात मिसळलं की ओहोटीचा जोर आणखी वाढतो.

कोकणातल्या कुणालाही भरतीची वेळ विचारा. तो तिथीची पाऊणपट करून सांगेल. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खगोलाच्या हिशेबानं पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपटीचा नियम ४५ धरतो. चूक तिथीमागे तीन मिनिटांची, पक्ष संपेपर्यंत फार तर पाऊण तासाची, आणि प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून. कागद-पेन्सिल न लागणारं आणि स्वतःची चूक दर पंधरवड्याला पुसून टाकणारं गणित आहे हे. जहाजाच्या संगणकाला याची गरज नाही, त्याच्याकडे मिनिटाला मिनिट भरतीचं कोष्टक असतं. पण कोळ्याचं ज्ञान भरतीच्या वेळेपाशी थांबत नाही, पुढे जातं.

डोल हे या भागातलं जुनं जाळं. समुद्राच्या तळाला खुंट रोवून ते बांधतात; तोंड प्रवाहाकडे, पिशवी मागे. पाणी ओढत असताना मासळी आत जाते आणि पाणी थांबलं, फिरायच्या बेतात आलं, की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बोट नेऊन डोल ओढतो. आता दुसरीकडून बघा. सुमारे १५ मीटर ड्राफ्टचं, म्हणजे पाण्याखाली तेवढं खोल बुडालेलं, जहाज चॅनलमधून आणायचं, तर पायलट भरतीचा आधार घेतो. त्यालाही पाणी पूर्ण चढलेलं आणि ओढ मंदावलेली हवी असते. म्हणजे सगळ्यांत जड जहाज आणि सगळ्यांत जास्त होड्या एकाच सुमाराला पाण्यात असतात, कारण दोघांचं घड्याळ तेच पाणी आहे. अनुभवी पायलट यासाठी रडार बघत बसत नाही. उधाणाचा दिवस आहे, पाणी अर्ध्या तासात थांबेल, म्हणजे अमक्या बोयाच्या (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) आसपास गर्दी असणार, हे त्याला जहाजावर चढतानाच माहीत असतं आणि त्या बेतानं तो वेग आधीच उतरवतो. रडार त्याला नंतर दुजोरा देतं.

होडी रडारवर दिसेलच याचीही खात्री नाही. लाकडी किंवा फायबरची बुटकी होडी रडारला प्रतिध्वनी कमी देते. समुद्र खवळलेला असेल तर लाटांचा कचरा पडद्यावर येतो. तो पुसायला गाळणी वाढवली की कचऱ्याबरोबर होडीही पुसली जाते. पावसात तीन सेंटिमीटर लहरीचं रडार आंधळं व्हायला लागतं. दहा सेंटिमीटरचं टिकतं, पण बारीक चीज त्यात नीट दिसत नाही. आणि होडी दिसली तरी तिची दिशा कळायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार रडारनं पकडलेल्या लक्ष्याचा कल मिनिटभरात आणि पुरता अंदाज तीन मिनिटांत द्यायचा असतो. सहा नॉटनं आडवी जाणारी होडी तीन मिनिटांत साडेपाचशे मीटर पुढे गेलेली असते. मोकळ्या समुद्रात हे चालून जातं. चॅनलमध्ये साडेपाचशे मीटर म्हणजे सगळंच.

एआयएस या ओळख सांगणाऱ्या यंत्रणेवर अनेक स्वयंचलित प्रणालींची भिस्त असते. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे आणि आपल्याकडे २६/११ नंतर वीस मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांनाही. डोलीच्या बऱ्याच होड्या त्याहून लहान. शिवाय एआयएस स्वतः काही बघत नाही. समोरचा जी जागा सांगतो ती दाखवतं, आणि समोरच्याला ती जीपीएसनं सांगितलेली असते.

उरला कॅमेरा. मासेमारी नौकेनं रात्री कोणते दिवे लावावेत हे १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांत लिहिलेलं आहे : जाळं ओढत चालणाऱ्या ट्रॉलरला हिरव्याखाली पांढरा, बाकीच्यांना तांबड्याखाली पांढरा. आपल्या होड्यांवर रात्री निळे-जांभळे लुकलुकणारे एलईडी असतात, कधी नुसती बॅटरी. मोठं जहाज जाळ्यावर येतंय असं दिसलं की खलाशी बॅटरीचा झोत ब्रिजकडे मारतो आणि मग तोच झोत पाण्यावर फिरवून जाळं कुठवर पसरलंय ते दाखवतो. हा संकेत कुठल्या पुस्तकात नाही, पण या किनाऱ्यावर ज्यानं वॉच (ब्रिजवरची पाळी) केला आहे त्याला कळतो. नॉर्वेच्या फ्योर्डमधली चित्रं बघून शिकलेल्या प्रणालीला तो ‘अनोळखी प्रकाश’ वाटेल. फार तर टक्कर टाळायला ती उजवीकडे वळेल, आणि जाळं नेमकं उजवीकडे असेल.

पंचांगही आराखड्यात हवं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जुलैअखेर याच चॅनलमध्ये चाचणी घेऊन ‘वाहतूक विरळ, कामगिरी उत्तम’ असा शेरा कुणी मारला, तर १ ऑगस्टला त्याला काहीच अर्थ उरत नाही.

होड्यांचं झालं. आता खुद्द जहाज हाकण्याचं बघू, कारण इथं काही गोष्टी आकड्यात नेमक्या सांगता येतात.

जहाज उथळ पाण्यातून चालतं तेव्हा तळाखालचं पाणी वेगानं मागे सरकतं, दाब उतरतो आणि जहाज बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. ढोबळ सूत्र असं : जहाजाच्या भरीवपणाचा गुणांक गुणिले वेगाचा वर्ग, भागिले शंभर, अरुंद चॅनलमध्ये त्याची दुप्पट. कंटेनर जहाजाचा गुणांक ०.६५ धरला, तर १२ नॉटला अरुंद पाण्यात जवळपास १.८७ मीटर, ८ नॉटला ०.८३. चार नॉट उतरवले की मीटरभर पाणी मिळालं. हे गणित संगणक माणसापेक्षा चांगलं करतो, त्यात वाद नाही. प्रश्न गुणांकाचा किंवा वर्गाचा नसून खोलीचा आहे. पावसाळ्यात गाळ सरकतो. नकाशावरची खोली ही शेवटच्या सर्वेक्षणाच्या दिवशीची असते. जुना पायलट डेकचा थरकाप, इंजिनाचे फेरे तेवढेच असताना घसरलेला वेग आणि सुकाणूला उशिरा येणारा जबाब या तीन खुणांवरून ‘तळ जवळ आला’ हे ओळखतो. यात काही दैवी नाही. तिन्ही खुणा मोजता येतात : डेकवर कंपनमापक, फेरे आणि लॉगच्या (जहाजाचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) वेगाचं गुणोत्तर, सुकाणूचा कोन आणि वळण्याचा दर. पण त्या कुणी पायलटला विचारल्याच नाहीत, तर पडद्यावर येणार कशा? आज किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला चित्र मिळतं, नकाशा मिळतो. थरकाप मिळत नाही.

वाऱ्याचं तसंच. तीनशे मीटर लांबीचं, वरपर्यंत कंटेनर रचलेलं जहाज वाऱ्यासमोर सुमारे दहा हजार चौरस मीटरची भिंत धरतं. वीस नॉटच्या आडव्या वाऱ्यात त्यावर साधारण साठ टनांचा रेटा येतो. म्हणजे जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या एका दणकट टगची सगळी ताकद नुसतं जागेवर धरायला गेली. वारा तीस नॉट झाला की रेटा सव्वापट-दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो, कारण इथंही वर्ग आहे. आषाढातली सर येते तेव्हा वारा वीसचा तीस व्हायला मिनिट पुरतं. टर्निंग सर्कलमध्ये, म्हणजे जहाज वळवायच्या जागेत, जहाज अर्धं फिरलेलं असताना पश्चिमेला काळं भरून आलेलं पायलटला दिसतं आणि तो टगला आधीच पुढे घ्यायला सांगतो. वारामापक सर पोचल्यावर सांगतो.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न, ज्यावर या विषयात सर्वांत कमी बोललं जातं : यंत्राला कळेनासं झालं तर त्यानं काय करावं?

स्वयंचलित मोटारीच्या जगातून एक कल्पना उचलली गेली आहे. गोंधळ झाला की सुरक्षित स्थितीत जायचं, म्हणजे कडेला घेऊन थांबायचं. जहाजाला कडा नाही. वेग उतरवला की सुकाणू पाणी धरत नाही; इंजिन थांबवलं तरी पाणी थांबत नाही, दोन नॉटची ओढ मिनिटाला साठ मीटरनं जहाजाला नेत राहते. नांगर टाकावा? जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्यापासून पीरपावकडे जाणाऱ्या नळ्या या बंदराच्या तळाशी आहेत आणि मुंबई हायकडून उरणला येणाऱ्याही. जिथं नांगर टाकायला सक्त मनाई आहे, नेमकं तिथं ‘सुरक्षित स्थिती’ म्हणून नांगर टाकणारं जहाज आपल्याला परवडणार नाही. आणि नांगर टाकायलाही फोकसलवर, म्हणजे जहाजाच्या नाळेवर (पुढच्या टोकाला), माणूस लागतो : साखळीचा अडसर काढायला, ब्रेक सोडायला, किती साखळी गेली ते बघायला, गरज पडली तर धरून ठेवायला. रिमोट नांगर बांधता येतो, बांधलेही आहेत. पण साखळी अडकली तर हातोडा कोण मारणार?

वीज गेल्यावर काय होतं हे बाल्टिमोरला २६ मार्च २०२४ च्या रात्री जगानं पाहिलं. ‘डाली’ या कंटेनर जहाजावर बहुतेक क्रू भारतीय होता. पुलापाशी येता येता जहाजावरची वीज गेली, परत आली, पुन्हा गेली. अमेरिकी तपास संस्थेला मूळ सापडलं ते एका सैल वायरमध्ये; तिच्यावरच्या लेबलच्या पट्टीमुळे ती टर्मिनलमध्ये पुरती बसलीच नव्हती. पहिल्यांदा वीज गेली तेव्हापासून धडकेपर्यंत हाती जेमतेम चार मिनिटं होती. तेवढ्यात पायलटनं टग मागवले, नांगर टाकायला लावला आणि किनाऱ्यावर कळवून पूल बंद करवला. पुलावरचे सहा कामगार गेले, पूल कोसळला. पण गाड्या थांबल्या होत्या. धडक टळली नाही, हे खरं. पण आराखडा काढणाऱ्यानं यातून उचलायची गोष्ट वेगळी आहे : जहाजाची जवळजवळ सगळी यंत्रं एकदम गेली, तेव्हा त्या यंत्रांवर अवलंबून नसलेली एक गोष्ट ब्रिजवर शिल्लक होती. धडक टाळता येत नाही हे ओळखून, आता पूल रिकामा करायचा, असं ध्येय बदलणारी.

माणसाची आरती ओवाळायची नाही आम्हाला. ७ ऑगस्ट २०१० ला याच बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ बाहेर पडत होतं आणि ‘खलिजिया-३’ आत येत होतं. दिवसाउजेडी, रडार, व्हीएचएफ (जहाजाचा रेडिओ), एआयएस सगळं असताना दोघांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, दोन्ही बंदरांची वाट अनेक दिवस बंद राहिली आणि मासळी घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही. ही माणसांची चूक होती. २०२० मध्ये मॉरिशसजवळ ‘वाकाशियो’ खडकावर चढलं, कारण मोबाइलची रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याजवळ नेलं होतं. सहा तास काम, सहा तास विश्रांती अशा पाळ्यांत महिनोन्‌महिने काढणाऱ्या अधिकाऱ्याचा मेंदू पहाटे चारला कसा चालतो, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. यंत्राला झोप येत नाही, ते चाळीस लक्ष्यांवर एकदम नजर ठेवतं. आणि एका बाबतीत कॅमेरा माणसाच्या कितीतरी पुढे आहे : कंटेनर जहाजाच्या ब्रिजवरून नाळेपुढचं पाणी दिसत नाही, नियमानं ही आंधळी पट्टी जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, जे कमी असेल तिथवर चालते. पाचशे मीटर पाणी ज्याला दिसतच नाही, तिथं नाळेवर कॅमेरा बसवायला कुणाची ना असेल? उद्या बसवावा.

जपाननं २०२२ मध्ये ‘सुझाकू’ हे कंटेनर जहाज गजबजलेल्या टोकियोच्या उपसागरातून बाहेर काढून इसेच्या उपसागरापर्यंत नेलं आणि परत आणलं, बहुतेक सगळा प्रवास स्वयंचलित. आमच्या म्हणण्याला हे सगळ्यांत जड उत्तर आहे. ते नाकारायचं नाही, नीट बघायचं. तिथली मासेमारी नोंदणीत आहे, शिस्तीत आहे, आणि जहाजावर अनुभवी अधिकारी उभे होते. नॉर्वेचं ‘यारा बिर्कलँड’ तर ८० मीटरचं, १२० कंटेनरचं, ठरलेल्या छोट्या मार्गावर फिरणारं जहाज. त्याच्या ब्रेविक बंदरात भरती-ओहोटीचा फरक वीतभर. तिथं जमलं म्हणून न्हावा-शेव्याला जमेल, हे ठाण्याच्या तलावपाळीत होडी वल्हवून दर्यात जाण्यासारखं आहे.

यंत्र चुकतं तेव्हा ते गुपचूप चुकतं, हा खरा धोका. १० जून १९९५ ला ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. जीपीएसच्या अँटेनाची वायर बर्म्युडाहून निघाल्यावर थोड्याच वेळात सुटली होती. यंत्र त्या क्षणी उपग्रह सोडून अंदाजपंचे जागा सांगू लागलं. पडद्यावर दोन बारीक अक्षरं उमटली आणि मनगटी घड्याळाच्या गजराएवढा, सेकंदभराचा आवाज झाला. पुढचे ३४ तास ऑटोपायलट शांतपणे चुकीच्या वाटेनं चालत राहिला आणि जहाज १७ सागरी मैल बाजूला गेलं. अधिकाऱ्यांचीही चूक होतीच. एकानं न दिसलेला बोया दिसल्याचं कळवलं. पण वायर सुटली हे ओरडून सांगायला आराखड्यात जागाच ठेवलेली नव्हती. आज जीपीएसमध्ये बाहेरून गोंधळ घालणं कितीतरी सोपं झालं आहे आणि आखाताच्या वाटेवरच्या जहाजांना त्याची सवय व्हायला लागली आहे.

म्हणून जहाज स्वतः किती चालतं यापेक्षा ‘मला कळत नाही’ हे ते किती मिनिटं आधी सांगतं, ही कसोटी आम्ही वर ठेवू. आठ नॉटला जहाज मिनिटाला सुमारे २५० मीटर जातं. कंट्रोल रूममध्ये तीन जहाजांवर लक्ष ठेवणाऱ्याला एका जहाजाचा गजर ऐकून वारा, पाणी, होड्या, ड्राफ्ट हे सगळं डोक्यात भरायला पाच मिनिटं लागली, असं धरू. तेवढ्यात सव्वा किलोमीटर संपलेला असतो. चॅनलमध्ये सूचना त्याहून आधी आलीच पाहिजे. येत नसेल तर माणूस ब्रिजवर, ताजा आणि काय चाललंय ते आधीपासून बघत असलेला हवा. एका माणसामागे तीन जहाजं हे गणित खर्चाच्या तक्त्यात छान दिसतं, टर्निंग सर्कलमध्ये नाही.

करायचं काय, ते फार महागडं नाही. जहाजांवर व्हीडीआर, म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स, असतोच : ब्रिजवरचं बोलणं, रडारचं चित्र, व्हीएचएफ, सुकाणू, इंजिन सगळं त्यात उतरतं, आणि नव्या मानकाचा असेल तर तीस दिवस राहतं. त्यात एकच गोष्ट नसते, पायलट कुठे बघत होता ती. फेरी संपल्यावर पायलटला बसवून दहा मिनिटं विचारा : कुठे वेग उतरवला, तेव्हा काय दिसलं होतं, काय होईल असं वाटलं होतं, झालं का. व्हीडीआरच्या वेळेशी हे उत्तर जुळवून ठेवा. सुरुवातीला ज्याला आपण छेद म्हटलं तो असाच गोळा होईल. अट एकच : हे शिक्षेसाठी वापरायचं नाही. वापरलं तर दुसऱ्या दिवसापासून सगळे पायलट ‘सगळं नेहमीसारखं’ एवढंच सांगतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

दिवाळे, करंजा, मोरा इथल्या मच्छीमार सोसायट्यांकडून डोलीच्या जागा, ओढण्याच्या वेळा, दिव्यांचे संकेत विकत घ्यावेत. फुकट मागू नयेत. महाप्यातल्या इंजिनिअरचा वेळ विकत घेतो तसाच तांडेलाचाही. बदल्यात लहान होड्यांना आपली जागा कळवणारे स्वस्त ट्रान्सपाँडर द्यावेत आणि मोठं जहाज कधी, कुठून येणार हे त्यांच्या मोबाइलवर मराठीत जावं. नुसतं जहाजानं होडी ओळखणं पुरत नाही. जहाजाच्या मनात काय आहे हे होडीवाल्याला कळावं लागतं. टक्कर-प्रतिबंधक नियमांचा आठवा नियम यासाठीच सांगतो की वळण लवकर घ्या आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल एवढं मोठं घ्या. इंधन वाचवायला दोन-दोन अंशांनी वळत जाणारं गणित कागदावर सुबक असतं, पण होडीतून बघणाऱ्याला जहाज वळलं हे समजतच नाही.

चाचण्या ऑगस्टमध्ये घ्या. डिसेंबरच्या निवळ पाण्यात घेतलेली चाचणी जाहिरातीला ठीक. चालू चाचणीत जीपीएसची अँटेना काढा, कॅमेऱ्यावर मिठाचं पाणी मारा, वीज घालवा, आणि प्रणाली किती मिनिटांत काय बोलते ते लिहा. बिघाड बारीकसारीकच असतात. ‘मेफ्लॉवर’ ही बिनमाणसांची बोट २०२१ मध्ये अटलांटिक ओलांडायला निघाली आणि परत फिरली ती जनरेटरच्या धुराड्यावरचा एक धातूचा जोड तुटला म्हणून. माणूस वर असता तर कदाचित पत्रा गुंडाळून काम भागलं असतं.

शेवटचा मुद्दा कॅडेटांचा. जहाज कुठूनही चाललं तरी त्याचा कॅप्टन म्हणून एक माणूस जबाबदार राहील, हे आंतरराष्ट्रीय चर्चेत मान्य झालं आहे. तो माणूस कुठून येणार? आज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातल्या कॅडेटला वॉच अधिकारी व्हायला किमान बारा महिने समुद्रावर काढावे लागतात, अभ्यासक्रमाविना छत्तीस. कंट्रोल रूमची पहिली पिढी जहाजांवर घडलेली असेल, तिला थरकाप म्हणजे काय ते आठवेल. दुसऱ्या पिढीसाठी जहाजावर बंकच (झोपायच्या जागाच) नसतील. म्हणून या बंदरातलं जहाज दुरून हाताळणाऱ्या प्रत्येकानं शिकाऊ पायलटसारख्या, ब्रिजवर उभं राहून, उधाणात आणि भांगात (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत), दिवसा आणि रात्री, ठरावीक फेऱ्या केलेल्या असल्याच पाहिजेत, ही अट भारतानं स्वतःच्या नियमांत घालावी. आणि निव्वळ माणसांचा खर्च वाचवण्यासाठी बंक काढून टाकलेला आराखडा मंजूर करू नये.

या नियमांचा मसुदा कधीतरी हरकतींसाठी येईलच. तो मराठीतही यावा, सोसायट्यांना पोचावा आणि सुनावणी भांगाच्या दिवसांत ठेवावी. उधाणात तांडेल घरी सापडत नाही.